सागरदर्शनच्या टाकीतलं गलबत

वसईजवळ गोखिवऱ्याला सागरदर्शन नावाची सोसायटी आहे. समुद्र तिथून चांगला दहा किलोमीटर लांब. गच्चीवर जाऊन टाचा उंच केल्या तरी दिसतो तो तुंगारेश्वरचा डोंगर. बिल्डरने हे नाव ठेवलं तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, कारण त्याच जाहिरातीत खाली 'चोवीस तास पाणी' असंही छापलं होतं आणि सगळे त्यालाच भुलले होते. पाणी यायचं टँकरने. पावसाळ्यातसुद्धा. बाहेर धो धो पडतंय आणि गेटच्या आत डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घातलेला माणूस जमिनीखालच्या टाकीत टँकरचा पाईप सोडतोय, हे दृश्य पाहून पाहुणे हसायचे. रहिवासी हसत नसत. ते बादल्या मोजत असत.

या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर कृष्णा पिसाळ राहायचा. मूळचा वाईकडचा. समुद्र पहिल्यांदा बघितला तो बाविसाव्या वर्षी, आणि त्यातही घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. सत्तावीस वर्षं एका सरकारी बँकेत कारकुनी केली आणि दोन हजार एक साली, मुदतीआधी घरी बसणाऱ्यांची लाट आली त्यात तोही व्हीआरएस घेऊन बसला. निरोपाला शाल, नारळ आणि फायली बांधायच्या नाड्यांचा एक मोठा गठ्ठा मिळाला. गठ्ठा कोणी दिला नव्हता. टेबल आवरताना तो पिशवीत आला होता.

घरात बायको लतिका, ती शाळेत शिकवायची, आणि लतिकाचे वडील बाबू तांडेल. देवगडकडचे. तीस वर्षं शिडाच्या गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबताचे मुख्य. मंगळुरी कौलं भरून मुंबईला आणायची आणि परत जायचं. पुढे इंजिनं आली, गलबत मोडीत निघालं आणि बाबू तांडेल लेकीकडे आले. ते कमी बोलत. त्यांची एक सवय होती. नावाने हाक मारायची ती फक्त आपल्या खलाशांना. बाकीच्या जगाला ते धंद्यावरून ओळखत. डॉक्टर, दूधवाला, मास्तर. जावयाला ते चोवीस वर्षं 'कारकून' म्हणत आले होते. त्यात अपमान नव्हता, मान तर नव्हताच नव्हता. 'कारकून, जेवलात काय?' असं अहोजाहो करून विचारायचे. पण कृष्णाला ते दर वेळी टोचायचं.

म्हणून त्याने घरी बसल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जाहीर केलं की तो मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मोडीत निघालेलं गलबत लाकडात बनवणार. लहान, पण हुबेहूब. पहिल्या फळीपासून शेवटच्या दोरीपर्यंत सगळं स्वतःच्या हाताने. लतिकाने नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. त्या हातांनी घरातलं कॅलेंडरसुद्धा तीन खिळ्यांनंतर वाकडं लागलं होतं.

कृष्णाने सुरुवात केली ती फाईल उघडून. फाईलवर लिहिलं, 'गलबत: बांधणी व पत्रव्यवहार'. मग त्याने सासऱ्यांना रीतसर लांबी विचारली. बाबू तांडेल म्हणाले, आमच्या मांगराच्या, म्हणजे वाडीतल्या खोपटाच्या, दारापासून आंब्यापर्यंत. कृष्णाने देवगडला फोन लावून लतिकाच्या चुलतभावाला ते अंतर टेपने मोजायला सांगितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, मांगर आहे, पण आंबा एकोणनव्वद साली पडला. फाईलमध्ये त्याची नोंद झाली.

लाकूड लागत होतं सागाचं, जुनं, मुरलेलं. घरात तसं लाकूड एकच होतं. लतिकाच्या लग्नातले सहा पाट. दोन पाट तिला विचारून कापले, तिसरा न विचारता, आणि चौथ्याच्या वेळी तिनेच शाळेतून आल्या आल्या विचारलं, "आता गणपतीला माणसं बसणार कुठे?" कृष्णा म्हणाला, सतरंजी आहे. ती म्हणाली, सतरंजीचंही काही बनवायचं असेल तर आधी कळवा.

पाच महिन्यांनी पहिलं गलबत तयार झालं. मापं अगदी बिनचूक होती. डावी बाजू उजवीसारखी, आणि पुढची बाजू मागच्यासारखी. कृष्णाने ते वर्तमानपत्रावर ठेवून सासऱ्यांसमोर सरकवलं. बाबू तांडेल बराच वेळ बघत राहिले, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"कारकून, ह्येका जावचां खंय, तां तरी ठरवा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, तितक्याच शांतपणे, "कपाट चांगला झाला हा. कांदे ऱ्हवतीत."

लतिकाने त्यात कांदे ठेवले. दीड किलो मावले.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. कृष्णा समुद्राकाठच्या पाचूबंदरला गेला. तिथे ऑगस्टीन नावाचा म्हातारा सुतार होता, आयुष्यभर मच्छीमारांच्या होड्या बांधलेला. कृष्णाने त्याच्यापुढे आलेखाच्या कागदावरचं चित्र ठेवलं, वर कार्बन लावून काढलेली प्रतही ठेवली. ऑगस्टीनने मूळ कागद घडी करून डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सरकवला. प्रत परत दिली. मग त्याने जमिनीवर खडूने एक रेघ मारली, एक डोळा मिटला आणि सांगितलं की खालचा कणा आधी, मग पुढची नाळ, म्हणजे पाणी कापणारं टोक, मग फासळ्या, आणि फळी फासळीवर बसेपर्यंत तासायची, कागदावर नाही. माप हाताच्या वितीने. कृष्णाने विचारलं, वीत कोणाची? ऑगस्टीन म्हणाला, "होडी कोनाची?"

मग कृष्णा वर्षभर दर मंगळवारी पाचूबंदरला जात राहिला. बाल्कनीत तासणं सुरू झालं. खालच्या मजल्यावरच्या हेमालीबेनच्या वाळत घातलेल्या पापडांवर भुसा पडू लागला. त्यांनी सेक्रेटरी जितेंद्र सावे यांच्याकडे तक्रार केली, सावेंनी फळ्यावर सूचना लावली की सभासदांनी बाल्कनीत कोणतेही उत्पादन करू नये. सावे घराणं मूळ वसईच्याच बागायतीतलं. वाडी विकून फ्लॅटमध्ये आलेले. केळीला पाणी सोडायचे तितक्याच नियमाने ते आता सूचना सोडायचे. कृष्णाने उत्तर लिहिलं की हे उत्पादन नसून स्मारक आहे. पत्रव्यवहाराची फाईल जाड होत गेली आणि तिच्याबरोबर गलबतही आकार घेत गेलं. पाच वीत लांब. पुढून टोकदार, मागून रुंद, पोट गोल. फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ. मांजरपाटाचं शीड. आणि सगळे दोर बँकेच्या फायलींच्या नाड्यांचे.

राहिलं रंगकाम. कृष्णाने वार्निशचा डबा आणला होता. ऑगस्टीनने तो उघडून वास घेतला आणि झाकण परत लावलं.

"वार्निश शोकेसला लाव. होडीला मुशीच्या काळजाचा तेल. चार हात मार. तुझ्या नातवाला पन पुरंल."

मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. त्याच्या काळजाच्या तेलाचा वास वर्णन करण्यासारखा नाही. कृष्णाने चार सांगितलेले हात सहा केले, सवयीने दोन जादा प्रती काढाव्यात तसे. लतिकाने गलबत गच्चीवर हलवायला लावलं. आठवडाभर सागरदर्शनवर कावळ्यांची सभा भरली होती.

आता प्रश्न होता पाण्याचा. बाबू तांडेल गलबताभोवती दोनदा फिरले होते, नाळेवरून बोट फिरवलं होतं, 'कपाट' म्हणाले नव्हते. पण 'गलबत'ही म्हणाले नव्हते. पाण्यात उतरल्याशिवाय काय सांगणार, एवढंच. मुहूर्त ठरला नारळी पौर्णिमेचा, दोन हजार दोन सालचा. सगळ्यांच्या होड्या त्या दिवशी उतरतात. ठिकाण पाचूबंदर. पण पौर्णिमेच्या नऊ दिवस आधी बाबू तांडेलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने हिरवा चष्मा दिला आणि सांगितलं, महिनाभर वारा नको, धूळ नको, समुद्रावर तर मुळीच नको.

मुहूर्त टळला तर वर्ष गेलं. आणि सासऱ्यांनी बघितलं नाही तर दीड वर्ष फुकट गेलं. कृष्णा रात्रभर तळमळला नाही, तो व्यवस्थित झोपला आणि पौर्णिमेच्या सकाळी सहाला चहा पिताना त्याला सुचलं. सागरदर्शनमध्ये टाकीची किल्ली आठवड्याला एका मजल्याकडे असायची. तो आठवडा तिसऱ्या मजल्याचा होता. त्या सकाळी टँकर येऊन गेला होता. टाकी काठोकाठ भरली होती.

आठ वाजता, चाकरमानी सगळे गाडीला गेल्यावर, तिघं खाली उतरले. लतिका कशाला आली हे तिलाही सांगता आलं नसतं. डोलकाठी काढून गलबत टाकीच्या चौकोनी तोंडातून तिरकं आत सोडलं आणि काठी परत बसवली. बाबू तांडेलांनी नारळ वाढवला. नाळेवर नाही, टाकीच्या कठड्यावर, कारण नाळ लतिकाच्या शेवटच्या पाटाची होती. गलबत एका बाजूला कलंडलं.

"भार घाला," बाबू तांडेल म्हणाले. रिकामं गलबत उभं राहत नाही, पोटात वजन लागतं. कृष्णाने पिशवीतून वरवंटा काढून गलबताच्या पोटात ठेवला. लतिकाने तो ओळखला. चार दिवस ती चटणी मिक्सरमध्ये करत होती आणि मिक्सर असताना वरवंटा कोण नेणार म्हणून बाईवर संशय घेत होती.

गलबत ताठ उभं राहिलं. नाड्यांचे दोर, गुंडाळलेलं पिवळट शीड, टाकीतला अंधार. दहा मिनिटं फार सुंदर दिसत होतं. मग ते हळूहळू खाली जाऊ लागलं. फळ्यांतून पाणी आत येत होतं, गडबड न करता, सगळीकडून सारखं. विसाव्या मिनिटाला शिडाचं टोक राहिलं आणि मग तेही गेलं.

कृष्णा पायजमा वर करून शिडीवर पाय ठेवायला निघाला. त्याला ते ताबडतोब बाहेर हवं होतं. आपलं काय चुकलं ते त्याला दिसत होतं, म्हणजे सगळंच. बाबू तांडेलांनी त्याचा दंड धरला.

"ऱ्हवांदेत. नयां गलबत पयल्या दिसाक गळतांच. लाकूड पाणी पितां, मगे फुगतां, मगे फट मिटता. तीन दिस पाण्यात ऱ्हवांदेत. आज काढलात तर सुकात, फाटात, आणि जल्मभर गळत ऱ्हवात. मगे कांदेच भरा."

म्हणजे अजून निकाल लागला नव्हता. कृष्णाने टाकीचं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. तीन दिवस. पिण्याच्या पाण्यात सहा हात मुशीचं तेल आहे, ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नाही. त्याचं सगळं डोकं फटींमध्ये होतं.

संध्याकाळी सहाला पंप चालू झाला आणि पाणी वरच्या टाकीत चढलं. साडेसहाला हेमालीबेननी चहा ठेवला आणि गॅस बंद केला. सातपर्यंत चारही मजल्यांवरचे लोक जिन्यात आले होते. श्रावण होता. अर्ध्या बिल्डिंगने पंधरा दिवस मासळीला हात लावला नव्हता, उरलेल्यांनी कधीच लावला नव्हता, आणि नळाला मुशीचा वास येत होता. देशावरच्या मंडळींना वाटलं ड्रेनेज फुटलं. कोकणातल्या मंडळींना नक्की काय ते एका घोटात कळलं, पण श्रावणात असं ओळखणंसुद्धा बरं दिसत नाही म्हणून ती गप्प राहिली. चौथ्या मजल्यावरच्या दोघा मालवणी भावांना त्या दिवशी फार तहान लागत होती.

दुसऱ्या दिवशी सावेंनी निष्कर्ष काढला की टँकरवाल्याने खाडीचं पाणी भरलं. तिघांचं शिष्टमंडळ कामणला गेलं. टँकरवाला दुकानात हिशेब बघत बसला होता. सावे फक्त एवढंच म्हणाले की कालच्या पाण्याबद्दल बोलायचंय. तो माणूस उभाच राहिला. म्हणाला, साहेब, ड्रायव्हर नवीन आहे, त्याला कोणती विहीर ते माहीत नव्हतं, पुन्हा होणार नाही, शनिवारी एक टँकर तुम्हाला माझ्याकडून फुकट. मग अजून कोणी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, कोणी दवाखान्यात तर नाही ना? शिष्टमंडळ रिक्षाने परत निघालं. आजवर आपण काय प्यायलो याचा प्रत्येकजण आपापल्या मनात विचार करत होता.

त्याच संध्याकाळी, शुक्रवारी, खाली पार्किंगमध्ये तातडीची सभा झाली. ठराव एकच. शनिवारी सकाळी सातला टाकी रिकामी करायची, माणूस आत उतरवून घासून घ्यायची आणि मग फुकटचा टँकर आत घ्यायचा. हात वर झाले.

कृष्णा मागच्या खांबाला टेकून उभा होता. वासाचा उलगडा त्याला आदल्या रात्रीच झाला होता आणि त्याची त्याला लाज वाटत होतीच. पण सभेत तो बोटांवर मोजत होता ते दिवस. शनिवारी सकाळी म्हणजे दोनच दिवस पुरे होत होते. गलबत अर्धं फुगलेलं बाहेर येणार, सुकणार, फाटणार. पुढे पुन्हा गलबतात कांदे. सत्तावीस वर्षांत तो कोणत्याही सभेत 'प्रत सोबत जोडली आहे' याच्यापलीकडे काही बोलला नव्हता. जिन्याच्या खालच्या पायरीवर बाबू तांडेल हिरवा चष्मा लावून बसले होते. ते कुठे बघत होते ते चष्म्यामुळे कळत नव्हतं.

"टाकीत माझं गलबत आहे," कृष्णा म्हणाला. "वास त्याचाच आहे. तेल मी लावलंय. माझं चुकलं, काय दंड असेल तो करा. फक्त रविवार सकाळपर्यंत टाकी रिकामी करू नका. त्याला अजून एक दिवस पाणी पाहिजे."

सावेंनी विचारलं की एनओसी घेतली होती का. नव्हती. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली. कुत्री, सायकली, गाद्या, कुंड्या, लग्नाचे मांडव, सगळं होतं. टाकीत जहाज ठेवण्याबद्दल काही नव्हतं. एकाने विचारलं, गलबत वाहनात धरायचं का, तसं असेल तर पार्किंग चार्ज लागतो. दुसरा म्हणाला, बंदिस्त पार्किंग की उघडं? आवाज वाढू लागले. कोणीतरी पाटांची गोष्टही काढली.

हेमालीबेन इतका वेळ नाकाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी पदर काढला.

"एक मिनट, जितूभाई. वास पिसाळभाईंचा, तर टँकरवाल्याची काय चूक?"

"काहीच नाही," सावे म्हणाले.

"मग उद्याचा टँकर परत करायला लागेल ना?"

सगळ्यांनी याच्यावर विचार केला. विचार फार वेळ चालला नाही. सावेंनी पेनाचं टोपण लावलं आणि ठरलं ते असं. सदर सभासदाचं निवेदन विषयपत्रिकेवर नसल्यामुळे इतिवृत्तात घेता येत नाही. टाकीत गलबत असल्याचं कमिटीला माहीत नाही. टाकी घासणाऱ्या माणसाला शनिवारी चांदीपला दुसरं काम असण्याची शक्यता आहे, म्हणून सफाई रविवारी. शनिवारचा टँकर लोकांनी थेट पाईपवरून बादल्यांत भरून घ्यावा. पुन्हा हात वर झाले, या वेळी जास्त. कृष्णानेही केला.

बाबू तांडेल कठड्याला धरून वर गेले.

रविवारी पहाटे उजाडता उजाडता तिघं पुन्हा खाली. वापरून वापरून टाकीतलं पाणी कमरेएवढं उरलं होतं. कृष्णा बनियन आणि लुंगीवर लोखंडी शिडी उतरला. घोट्यापर्यंत ठीक होता. गुडघ्याला थांबला. कमरेला पाणी लागलं तेव्हा त्याने डोळे मिटून वाईच्या गणपतीचं नाव घेतलं. मग पायाने चाचपत गलबत शोधलं, वाकून दोन्ही हातांनी उचललं, वर आणलं. ते पाण्याने भरलेलं होतं, जड होतं, आणि त्याच्या हातात कलंडत होतं. वरच्या चौकोनात बाबू तांडेल पालथे पडून टॉर्च धरून होते. हिरवा चष्मा कपाळावर सरकवलेला. डॉक्टरने पाहिलं असतं तर त्याने दुसरा पेशंट शोधला असता.

"कृष्णा, पाणी उपस."

कृष्णाने वर पाहिलं नाही. लतिकाने वरून वाटी सोडली, ती झेलली आणि उपसायला लागला. शंभर वाट्या, दीडशे वाट्या. मग वाटीला तळ लागू लागला. त्याने हात काढून घेतले. गलबत उभं होतं. टॉर्चचा उजेड फळ्यांवरून हळूहळू फिरला, नाळेपासून मागे आणि परत. एक थेंब आत आला नव्हता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. कृष्णाचे दात वाजत होते, पण तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात सेक्रेटरी सावे टाकी घासणाऱ्या माणसाला घेऊन गेटमधून आत आले. त्यांनी पालथे पडलेले बाबू तांडेल पाहिले, टॉर्च पाहिला, आतून येणारा दात वाजण्याचा आवाज ऐकला. मग कमिटीला काय माहीत आहे आणि काय नाही ते आठवून त्यांनी त्या माणसाला सांगितलं की चल, आधी चहा घेऊ.

"शीड सोड," वरून आवाज आला. "डावो दोर आधी. घाई करू नुको."

फायलीच्या नाडीची गाठ ओली होऊन आवळली होती. कृष्णाने ती दातांनी सोडवली. शीड उघडलं. टाकीत वारा नव्हता, तरी ते थोडं हललं, बहुधा कृष्णाच्याच श्वासाने.

लतिका गुडघ्यांवर बसली होती. तिने टाकीच्या तोंडातून हात खाली केला.

"आता माझा वरवंटा द्या," ती म्हणाली.

"थांब गो," बाबू तांडेल टॉर्च न हलवता म्हणाले. "गलबतात माल आसा."